सब्जा पेरला तर बेसिल उगवेल का?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही कोथरूडहून भूगावला राहायला आलो. गॅलरी पूर्वेची आहे, सकाळी चांगलं ऊन येतं. बागेचा अनुभव शून्य. मृगाचा पाऊस पडला म्हणून हौसेने बेसिलच्या बियांचं पाकीट आणून कुंडीत पेरलं. आठवड्यात छान उगवलं, पण पुढच्या दहा-बारा दिवसांत एकेक रोप माना टाकत गेलं. श्रावणात परत पेरलं, परत तेच. सासूबाई म्हणतात, "एवढं महागाचं पाकीट कशाला आणतेस? किराणा दुकानातला सब्जा पेर, तेच ते." खरंच तेच का? आणि माझ्या हाताला गुणच नाही का?
— एक वाचक, भूगाव, ता. मुळशी

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे. फालुद्यात घालतो तो सब्जा आणि इटालियन पास्त्यावर येतं ते बेसिल ही एकाच प्रजातीची झाडं. तिचं शास्त्रीय नाव ऑसिमम बॅसिलिकम, आणि ते वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली दिलं. प्रजाती एक, वाण वेगळे. इंद्रायणी आणि आंबेमोहोर हे दोन्ही भातच, पण शिजताना घरभर सुटणारा वास सारखा नसतो, तसाच हा प्रकार. अंगणातली तुळस मात्र वेगळी प्रजाती, ऑसिमम टेन्यूइफ्लोरम. जुन्या पुस्तकांत तिचंच नाव ऑसिमम सॅंक्टम असं सापडेल. तुळस, सब्जा, पुदिना, मरवा ही सगळी एकाच कुळातली मंडळी. कोणाचीही कोवळी काडी बोटांत धरून फिरवून बघा, ती चौकोनी लागते आणि पानं समोरासमोर जोडीने येतात.

म्हणजे बेसिल हे परदेशातून आलेलं नाजूक रोप आहे, त्याला खास काहीतरी करावं लागतं, हा समज आधी काढून टाका. हे आशियाच्या उष्ण भागातलं झाड आहे. इटलीने त्याला आपलंसं केलं, त्याच्या पानांचे, वासाचे वाण निवडले. जिनोव्हा शहराच्या परिसरातल्या बेसिलला तर 2005 साली युरोपीय संघाचं भौगोलिक नावाचं संरक्षणही मिळालं. पण ऊब, ऊन आणि निचरा या त्याच्या गरजा अजून तशाच आहेत, आणि त्या आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने आपोआप भागतात.

वासातला फरक मात्र खरा आहे आणि तो स्वयंपाकात जाणवतो. जिनोव्हीज बेसिलच्या पानात लिनालूल आणि युजेनॉल ही द्रव्यं प्रामुख्याने असतात. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या वासाचं मूळ. आपल्याकडच्या सब्ज्यात बऱ्याचदा मिथाइल चॅविकॉल जास्त असतं, म्हणून पान चुरडलं की बडीशेपेच्या अंगाचा वास येतो. थाई बेसिलचा वासही त्याच जातकुळीतला. याच सुगंधी तेलासाठी उत्तर भारतात या पिकाची शेती होते, आणि लखनौच्या 'सीमॅप' या केंद्रीय संस्थेने 'सिम-सौम्या' नावाचा वाणही काढला आहे. तेव्हा सब्ज्याची पानं टोमॅटोच्या सारावर, कोशिंबिरीत, लिंबाच्या सरबतात सुरेख लागतील. पेस्टो मात्र त्याचा तुम्हाला हवा तसा होणार नाही. त्यासाठी जिनोव्हीज असं स्पष्ट लिहिलेलं पाकीटच घ्यावं लागेल.

माझा सल्ला असा की पहिला हात सब्ज्यावर बसवा. थोडक्या पैशांत एवढं बी मिळतं की दहा वेळा चुकलं तरी हळहळ वाटणार नाही. फक्त दोन गोष्टी बघून घ्या. हल्ली सब्ज्याच्या नावाखाली चिया गळ्यात मारतात. चियाचं बी करडं, ठिपक्या-ठिपक्यांचं आणि गुळगुळीत असतं, सब्ज्याचं काळंभोर आणि बिनचकाकीचं. दुसरं म्हणजे किराण्यातलं बी खाण्यासाठी असतं, ते किती जुनं आहे हे दुकानदारालाही माहीत नसतं. म्हणून ओल्या फडक्यावर वीस बिया पसरून ताटलीत ठेवा, वर दुसरी ताटली झाका. आठवड्यात बारा-पंधरा बियांना मोड आले तर बी पेरण्याजोगं आहे. पाच-सहाच आले तर ते सरबतात घाला आणि दुसऱ्या दुकानातून आणा.

आता तुमच्या मनाला लागलेली गोष्ट. तुमच्या हातात काही खोट नाही. सात-आठ दिवसांत बी उगवलं याचा अर्थ पेरणी बरोबर झाली होती. चुकलं ते पंचांग. पाऊस पडला की लागवड करायची, हे आपल्या हाडीमांसी भिनलेलं आहे आणि भाताच्या मुलखात ते रास्तही आहे. पण बेसिलच्या कोवळ्या रोपाला आषाढ सोसत नाही, त्यातून मुळशीचा आषाढ तर नाहीच नाही.

मुळशीचा पाऊस म्हणजे काय याचा अंदाज कोथरूडहून आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी येत नाही. पुणे शहरात वर्षभरात साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 25 जुलै 2024 च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत एकट्या ताम्हिणीत 556 मिलिमीटर पडला होता. तालुका एकच, पण हिंजवडी-सूसकडून पौड, मुळशी धरण, ताम्हिणी असं पश्चिमेला सरकत जावं तसा पाऊस वाढतच जातो. भूगाव-पिरंगुटला ताम्हिणीएवढा पाऊस नसला तरी झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, हवेतली ओल हटत नाही आणि कुंडीतली माती वाळत नाही. रोपं मरतात ती याच दिवसांत.

ती कशी मरतात ते नीट बघितलंत का? पानं हिरवीगार असतात, कीड नसते, पिवळेपणा नसतो. पण मातीला टेकलेल्या जागी खोड पाणी मुरल्यासारखं होतं, तपकिरी पडतं आणि तिथेच दोऱ्याएवढं बारीक होतं. वरचा भार पेलवेना की रोप आडवं होतं. सकाळी एक पडलेलं दिसतं, संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारची तीन-चार. याला रोपांची मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरशींचं हे काम. त्यांना हवी असते सततची ओल, अपुरं ऊन, दाट उगवलेली रोपं आणि न कुजलेलं शेणखत. हे चारही योग जुळले की चांगल्या माळ्याचीही रोपं जातात. एकदा खोड बारीक झालं की त्या रोपावर इलाज नाही, ते मातीसकट चमच्याने उचलून टाकावं आणि पाणी पूर्ण थांबवावं, म्हणजे उरलेली वाचण्याची शक्यता राहते.

मग त्याच पावसात भाताचं रोप कसं तगतं? भाताच्या खोडात आणि मुळांत हवा खेळायला पोकळ्या असतात, त्यातून पाण्याखालच्या मुळांपर्यंत प्राणवायू पोचतो. बेसिलला ती सोय नाही. त्याची मुळं मातीतल्या हवेवर जगतात. माती गच्च ओली राहिली की ती गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळावर बुरशी लगेच बसते.

या रोगाची जाण मुळशीच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे, असं मला वाटतं. उन्हाळ्यात पौडच्या पुढे कोळवणच्या किंवा ताम्हिणीच्या रस्त्याला गेलात तर खाचरांत काळे, भाजलेले चौकोन दिसतील. ते राब. शेण, टहाळ, गवत, पालापाचोळा थरावर थर घालून, वर बारीक माती टाकून तो वाफा भाजतात आणि पावसाच्या तोंडावर त्यात भाताचं बी टाकतात. भाजल्याने वरच्या थरातलं तणाचं बी जळतं, कीड-बुरशी कमी होते आणि राखेतून पालाश मिळतं. राबासाठी झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात, त्यामुळे डोंगरावरचं रान उघडं पडतं. हे नुकसान मोठं आहे, आणि राबाशिवाय रोपं करण्याचा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो तो योग्यच आहे. पण कोवळ्या रोपाला निर्मळ माती द्यायची हा त्यामागचा विचार पक्का आहे, आणि तो गॅलरीतही पाळता येतो. एप्रिल-मेमध्ये कुंड्यांतली माती एकत्र करा, किंचित ओली करा, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा आणि चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवा. आतली माती एवढी तापते की बरीचशी बुरशी आणि तणाचं बी मरून जातं. काळी पिशवी घेऊ नका, पारदर्शकच घ्या, कारण ऊन आत शिरायला हवं. आता उन्हाळा हातात नसेल तर पेरणीपुरतं नवं कोकोपीट आणा, त्यात चाळलेलं गांडूळखत आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्माची पावडर चमचाभर मिसळा. ही उपयोगी बुरशी आहे, ती मर आणणाऱ्या बुरशीला वाढू देत नाही.

पेरायचं कधी? तुमच्या भागासाठी मी दोनच वेळा सांगेन. पहिली दसऱ्यानंतरची. परतीचा पाऊस एकदाचा गेला, ऑक्टोबरचं ऊन चटका देऊ लागलं की पेरा. दिवाळी उलटून तुळशीची लग्नं लागेपर्यंत रोपं वीतभर होतात आणि थंडीला सामोरं जाण्याएवढी जाड होतात. हे आधी व्हायला हवं, कारण थंडीही या झाडाला मानवत नाही. पारा दहा अंशांखाली गेला की बेसिलची पानं काळवंडतात. पाषाण, एनडीए या बाजूला हिवाळ्यात दहाच्या खालचे आकडे येतात, आणि मुठा-मुळा खोऱ्यांतल्या खोलगट गावांत पहाटेची थंडी त्याहून बोचरी असते. डिसेंबर-जानेवारीत रात्री कुंड्या भिंतीशी ओढून घ्या, तेवढं पुरतं.

दुसरी वेळ संक्रांतीनंतरची, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. नवख्या माणसाला मी हीच जास्त सुचवेन. दिवस मोठे होत असतात, ऊन वाढत असतं, पाऊस चार महिने लांब असतो आणि रोप थोडं चुकलं तरी सावरतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर सावली पडेल अशी जागा मिळाली की झालं. तुमच्या पूर्वेच्या गॅलरीत ती आपसूकच मिळते.

आता पेरणी. एक बी तळहातावर ठेवा आणि बोटाने पाण्याचा थेंब त्यावर सोडा. दोन-चार मिनिटांत काळ्या बीभोवती निळसर पांढरा, पारदर्शक बुळबुळीत थर फुगून येतो. फालुद्यात आपण तोच खातो. बियाच्या सालीतल्या पेशींत कर्बोदकं दाबून भरलेली असतात, पाणी लागताच ती फुगून बाहेर पडतात. उघड्या रानात हा थर बीला मातीशी चिकटवून धरतो आणि दोन सरींच्या मधल्या कोरड्या वेळात त्याची ओल टिकवतो. म्हणजे भिजवण्याची व्यवस्था बीने स्वतःच करून ठेवली आहे. मेथी-धण्यासारखं हे बी आदल्या रात्री भिजत घालू नका. भिजवलेलं बी बोटांना चिकटतं, त्याचे गोळे होतात आणि एका जागी वीस-वीस रोपं उगवतात. कोरडंच पेरा.

एका ग्रॅममध्ये सहाशेच्या आसपास बिया बसतात, तेव्हा चिमूट ही मोठी चीज आहे. प्रो-ट्रे, म्हणजे रोपांसाठीचा खणांचा ट्रे, असेल तर उत्तम, नाहीतर दह्याच्या रिकाम्या कपांना बुडाशी भोकं पाडा. माती आधी ओली करून घ्या, पाणी निथळू द्या, मग कपात तीन-तीन बिया अंतर ठेवून टाका. वर चाळलेल्या कोकोपीटची नुसती भुरभुर. बी गव्हाएवढं खोल पुरलं तर ते वर येत नाही. पाणी झारीने घालू नका, फवाऱ्याने मारा, आणि पृष्ठभाग फिका दिसू लागला की मगच पुन्हा मारा. उबदार दिवसांत पाचव्या-सहाव्या दिवशी कोंब दिसतात. आधी येतात ती दोन अर्धवर्तुळाकार दलं. ती खरी पानं नव्हेत, त्यांना वासही जेमतेम असतो. त्यांच्या मधून पुढे निघते ती खऱ्या पानांची पहिली जोडी, आणि बेसिलचा वास तिथून सुरू होतो.

उगवेपर्यंत कप कुठेही चालतील, उगवल्यादिवसापासून मात्र उन्हात हवेत. आपल्या घरांत घटस्थापनेला पेरलेलं धान्य आठवा. देवघराच्या अंधारात गव्हाचे अंकुर नऊ दिवसांत वीतभर लांब आणि पिवळट होतात, तरी ताठ उभे असतात, कारण गव्हाच्या दाण्यात शिदोरी भरपूर असते. सब्ज्याच्या एवढ्याशा बीत ती दोन-तीन दिवसांची. ऊन मिळालं नाही तर रोप प्रकाशाच्या शोधात सुतासारखं लांबतं आणि कोलमडतं. खिडकीतल्या रोपांचं असंच होतं. काचेतून उजेड दिसतो, ऊन पोचत नाही. दिवसाला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. तुमच्या गॅलरीत अकरा-साडेअकरापर्यंत ऊन येत असेल तर ते पुरेल, कठड्याच्या सावलीत मात्र कप ठेवू नका, उंचावर ठेवा.

यानंतरचं काम नवख्यांना सर्वांत जड जातं. विरळणी. प्रत्येक कपात सगळ्यांत जोमदार असेल ते एकच रोप ठेवायचं, बाकीची काढायची. जीव होत नाही, हे मला ठाऊक आहे. स्वतः उगवलेलं रोप उपटून टाकणं वाईट वाटतंच. पण तीन रोपं एकत्र ठेवली तर तिन्ही किरकोळ राहतात, त्यांच्यामध्ये हवा खेळत नाही आणि मर तिथूनच सुरू होते. उपटू नका, कात्रीने मातीलगत कापा, म्हणजे राहिलेल्याची मुळं हलणार नाहीत. कापलेली इवली रोपं धुऊन वरणावर टाका, वास उत्तम असतो.

मॉलमध्ये हिरव्यागार बेसिलची छोटी कुंडी मिळते, ती घरी आणल्यावर पंधरवड्यात का माना टाकते याचं उत्तरही इथेच आहे. कुंडी भरगच्च दिसावी म्हणून त्यात वीस-पंचवीस रोपं दाटीने उगवलेली असतात. आणल्या दिवशीच तिचे चार भाग करून चार कुंड्यांत लावले तर ती महिनोन्‌महिने टिकते.

खऱ्या पानांच्या तीन जोड्या आल्या की रोप आठ-दहा इंची कुंडीत हलवा. तुमच्या भागातली तांबूस माती चांगली आहे, पण कुंडीत ती एकटी घातली तर पाण्याने बसते, घट्ट होते. निम्मी माती, पाव हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि उरलेल्या पाव हिश्शासाठी भाताचं तूस. मुळशीत राहून कोकोपीटच्या विटांवर विटा विकत आणण्याची गरज नाही. जवळच्या भाताच्या गिरणीत विचारा, तूस पोत्याने मिळेल. त्याने माती भुसभुशीत राहते आणि निचरा होतो. जळकं, काळं तूस मिळालं तर अधिकच चांगलं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. पाणी सकाळी, बुंध्याशी, बोटाचं एक पेर माती कोरडी लागली तरच.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. दुसऱ्या-तिसऱ्या जोडीच्या अगदी वर चिमटायचं. त्या जोडीच्या दोन्ही बगलांत बारीक कोंब दडलेले असतात, शेंडा गेला की ते दोन्ही फुटतात. एकाच्या दोन फांद्या, दोनाच्या चार. पानं एकेक करून खालून ओरबाडू नका, नेहमी वरून, जोडीसकट शेंडा घ्या. जितकं नियमाने खुडाल तितकं झाड डेरेदार होतं. मंजिरी दिसली की तीही लगेच खुडायची. फुलावर आलं की झाडाचा सगळा भर बी धरण्यावर जातो, नवी पानं लहान आणि उग्र येतात.

किडीचं एकच सांगतो, कारण ती तुळशीवरून येते. पानं आकसून राखाडी-पिवळी दिसू लागली, उलट्या बाजूला काळे बारीक ठिपके दिसले, तर ते जाळीदार पंखांचे इवले ढेकूण समजा. त्यांना तुळशीचं सगळं घराणंच आवडतं. त्या फांद्या कापून टाका, लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर कडुलिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्याने पुन्हा. वृंदावनातली तुळसही त्याच वेळी तपासा, नाहीतर कीड परत येईल.

खुडलेली पानं फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने ती तिथेही काळी पडतात. देठ पाण्यात राहतील अशा बेताने ग्लासात घालून ओट्यावर ठेवा. आठवड्या-दीड आठवड्यात त्या देठांना मुळं फुटतात आणि तुमच्या हाती फुकटचं रोप येतं.

प्रश्न : बेसिल आणि तुळस शेजारी लावली तर बी मिसळतं का? आम्हाला घरचं बी धरायचं आहे.
— एक वाचक, कोळवण

उत्तर : तुळस आणि बेसिल या वेगळ्या प्रजाती, त्यांचा आपसांत संकर सहसा होत नाही. सब्जा आणि जिनोव्हीज मात्र शेजारी फुलले तर मधमाश्या एकाचे पराग दुसऱ्यावर नेतात, आणि पुढच्या पिढीत धड हा नाही धड तो असा वास येतो. म्हणून एका हंगामात एकाच वाणाला फुलू द्या, दुसऱ्याच्या मंजिऱ्या खुडत राहा. बी धरायचं झाड वेगळं ठेवा, त्याची पानं खुडू नका. मंजिरी तळापासून तपकिरी झाली की कापून सावलीत कागदावर वाळवा, तळहातावर चोळा, फुंकर मारून फोल उडवा. कोरड्या काचेच्या बाटलीत हे बी तीन-चार वर्षं सहज टिकतं.

प्रश्न : मग पावसाळ्यात बेसिल अजिबातच नको का?
— एक वाचक, पिरंगुट

उत्तर : पेरणी नको. मोठी झाडं मात्र जगवता येतात. मेअखेरीस झाड निम्मं छाटा, कुंडी पत्र्याखाली किंवा छपराखाली, पण उजेडाच्या बाजूला घ्या आणि पाणी जवळजवळ बंद करा. विमा म्हणून त्याच छाटलेल्या फांद्यांतल्या दोन-तीन पाण्यात मुळावून ठेवा. पानांच्या खालच्या बाजूला राखाडी लव धरली तर ती पानं तोडून लांब टाका, कुंडीत कुजू देऊ नका. धरणापलीकडच्या गावांत, ताम्हिणीच्या बाजूला राहणाऱ्यांनी पॉलिहाऊस नसेल तर हाही खटाटोप करू नये. तिथे जून ते सप्टेंबर रानभाज्यांचे दिवस आहेत, त्या खाव्यात.

भूगावच्या वाचकांना एक शेवटचं. जुन्या कुंडीतली माती परत पेरणीला वापरू नका, दोनदा मर आलेली ती माती आहे. ती मोठ्या झाडांच्या बुंध्याला घाला, कप गरम पाण्याने धुवा, सासूबाईंकडून मूठभर सब्जा घ्या आणि परतीच्या पावसानंतरचा पहिला कोरडा आठवडा बघून पेरा.